वाड्यातला एकच लांब शॉट घ्यायचाय, वेस्ट-आर्मचा रिग वापरू का?

नारायणपेठ_माडी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही. नारायण पेठेत आमचा वाडा आहे, आमचा म्हणजे आम्ही तिथले जुने भाडेकरू, आजी लग्न होऊन याच दोन खोल्यांत आली आणि बाबा इथेच लहानाचे मोठे झाले. वाडा आता बिल्डरकडे गेलाय आणि मे महिन्यात सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्यात. त्याआधी मला त्याचा एक शॉट घेऊन ठेवायचाय, एकच, मध्ये कुठेही कट न करता. रस्त्यावरून दिंडी दरवाजातून आत, बोळातून चौकात, हौदाला वळसा घालून ओसरीवर, तिथून लाकडी जिन्याने माडीवर, सज्जातून खाली चौकात एकदा बघायचं आणि मग आजीच्या खोलीत, ती खिडकीशी बसलेली असते तिथे जाऊन थांबायचं. साध्या चालीने पावणेचार मिनिटं लागतात, मोबाईलवर वेळ लावून तीनदा चालून बघितलंय.

कॅमेरा माझा स्वतःचा आहे, सोनी एफएक्स ३, त्यावर २४-७० जीएम २ लेन्स, आणि गिंबल, म्हणजे कॅमेरा मोटरने सरळ ठेवणारा हँडल, भाड्याने आणतो, डीजेआय आरएस ३ प्रो. लग्नांची कामं करतो त्यामुळे गिंबलची सवय आहे, पण ती वीस-तीस सेकंदांच्या शॉट्सची. इथे दोन मिनिटं झाली की दंड भरून येतात आणि हात थरथरायला लागतो, शिवाय पावलागणिक फ्रेम वर-खाली हिंदकळते, गुडघे वाकवून हळू चाललो तरी हिंदकळते, जिन्यावर तर हमखास. एडिटमध्ये वार्प स्टॅबिलायझर, म्हणजे हलणारी फ्रेम सॉफ्टवेअरने स्थिर करणारा इफेक्ट, टाकून बघितला तर जिन्याचा कठडाच लाटेसारखा हलायला लागला, ते बघवत नाही.

मग लग्नाच्या लाईनमधल्या एकाने सांगितलं की वेस्ट-आर्म घे, म्हणजे पट्ट्यांनी आवळायचं जाकीट आणि त्याला अडकवलेला, कॅमेरा पेलणारा स्प्रिंगचा हात, वजन अंगावर जातं आणि पावलं दिसत नाहीत. म्हणून एक दिवस पूर्ण सेट भाड्याने आणला, वेस्ट, स्प्रिंगचा आर्म आणि स्लेड, म्हणजे आर्मच्या टोकाला लावायचा लांब दांडा, ज्यावर कॅमेरा बसतो. वेस्ट मला ढगळ होत होतं, सगळं वजन खांद्यांवर येत होतं आणि कॅमेरा सारखा माझ्यापासून लांब उजवीकडे पळत होता, त्याला ओढून धरण्यातच सगळी ताकद गेली. ज्यांच्याकडून आणला ते म्हणाले सवयीने जमेल. संध्याकाळी कंबर अशी धरली की दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर लावता येईना.

तर हे खरंच सवयीचं आहे का माझं काही चुकतंय? पावणेचार मिनिटांसाठी किती दिवस प्रॅक्टिस लागेल? आणि या जागेत स्लेड बरा का गिंबलच आर्मवर लावावा? वाडा एकदाच पडणार आहे, नंतर परत घेऊ असं म्हणता येणार नाही, म्हणून विचारतोय.

एरंडवणे_ऑपरेटर

सवयीचं नाही रे ते, तुला रिग लावूनच दिला नाही कुणी. ढगळ वेस्ट घालून पळणारा कॅमेरा ओढत राहण्याची सवय करून घ्यायची नसते, तसं केलंस तर कंबर कायमची जाईल. मी वीस वर्षं हे काम करतोय, सुरुवात अटेंडंट म्हणून केली, ट्रॉलीचे रूळ उचलणं आणि रुळाखाली लाकडाच्या पाचरी सरकवून लेव्हल काढणं यातच पहिली तीन वर्षं गेली, त्यामुळे स्मूद मूव्हमेंटची किंमत मला आधी पाठीने कळली आणि मग डोळ्याने.

आधी वेस्टचं. वेस्टचं वजन खांद्यावर यायलाच नको, ते कमरेच्या हाडावर बसलं पाहिजे. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, बेंबीच्या पातळीला, अगदी घट्ट, मग छातीचा, आणि खांद्याचे पट्टे सगळ्यात शेवटी, ते फक्त वेस्ट सरकू नये एवढ्यापुरते. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. वेस्टची लांबी कमीजास्त करायची सोय बहुतेक वेस्टना असते, तुला ती कोणी दाखवलीच नसणार.

कॅमेरा उजवीकडे पळत होता त्याचं कारण आर्म वेस्टला जिथे अडकतो त्या सॉकेटमध्ये आहे. तिथे दोन स्क्रू असतात, एक पुढे-मागे आणि एक डावी-उजवीकडे कल द्यायला. ते प्रत्येकाच्या अंगकाठीप्रमाणे लावावे लागतात, कारण तू उभा कसा राहतोस यावर आर्म कुठल्या बाजूला घरंगळणार हे ठरतं. रिग अंगावर घेऊन सरळ उभं राहायचं, हात सोडून द्यायचे, आणि कॅमेरा जिकडे जाईल त्याच्या उलट बाजूला तो स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत जायचं. होता होता एक जागा अशी येते की रिग तुझ्यासमोर हवेत नुसता थांबलेला असतो, कुठेच जात नाही. ती जागा सापडेपर्यंत एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. माझ्या हाताखाली जी मुलं येतात त्यांना पहिला अख्खा दिवस मी एवढंच करायला लावतो.

मग स्लेडचा बॅलन्स. वर कॅमेरा, खाली बॅटरी आणि मॉनिटर, मध्ये दांडा, आणि दांड्यावर गिंबल. हा गिंबल म्हणजे तुझा मोटरवाला नव्हे, हे नुसते बेअरिंग आहेत, नावामुळे गोंधळ होतो. सगळ्या वजनाचा मध्य जिथे येतो त्याच्या किंचित वर तो गिंबल बसवायचा. बरोबर बसलाय का बघायला दांडा आडवा धरायचा, सोडायचा आणि उभा होईपर्यंत मोजायचं. दोन ते तीन सेकंद लागले तर ठीक. एका सेकंदात खाली आला तर खालची बाजू जड आहे, मग तू चालायला लागलास किंवा थांबलास की तो लोलकासारखा झुलणार आणि क्षितिज तिरकं होणार. नवीन माणूस नेहमी खाली जड ठेवतो, कारण उभं असताना ते स्थिर वाटतं, आणि पहिलं पाऊल टाकलं की फसतो.

आणि धरायचं कसं, तर गिंबलच्या लगेच खाली अंगठा आणि दोन बोटं, चिमटीत रांगोळी धरतो ना, तेवढ्याच जोराने. मूठ आवळलीस की तुझ्या हाताचा प्रत्येक कंप कॅमेऱ्यात जाणार. दुसरा हात आर्मच्या हँडलवर, कुठे जायचं ते तो ठरवतो, आणि ही तीन बोटं फक्त कुठे बघायचं ते ठरवतात.

हे सगळं ज्याने शोधून काढलं त्या गॅरेट ब्राऊनने १९७६ च्या 'बाउंड फॉर ग्लोरी'मध्ये पहिल्यांदा वापरलं तेव्हा तो क्रेनवर बसून खाली आला, क्रेनवरून उतरला आणि तसाच गर्दीतून चालत गेला, सगळं एका शॉटमध्ये. या रिगला, म्हणजे स्टेडीकॅमला, १९७८ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. हे सांगायचं कारण एवढंच की त्या पहिल्या रिगमध्ये एकही मोटर नव्हती, स्प्रिंगा, बेअरिंग आणि वजनाची वाटणी, बस्स. त्यामुळे सेटिंगला वेळ दिल्याशिवाय यातून काही निघत नाही.

तुझ्या जागेत काय वापरावं हे जिना बघितल्याशिवाय सांगत नाही. जिना किती उभा आहे, पायरी किती रुंद आणि वर तुळई किती खाली येते ते मोजून टाक.

भोसरी_स्प्रिंगवाला

मी शूटिंगमधला नाही, भोसरीला आमचं मशीन शॉप आहे, पण एका मित्रासाठी असा आर्म बनवायचा प्रयत्न केला होता त्यामुळे थोडं कळतं. ऑपरेटरसाहेबांनी सेटिंगचं सांगितलंय, मी फक्त वर-खालीचं सांगतो कारण मूळ दुखणं तेच आहे.

मोटरवाला गिंबल तीन दिशांचं फिरणं थांबवतो, म्हणजे कॅमेरा वर-खाली बघणं, डावी-उजवीकडे बघणं आणि तिरका होणं. पण अख्खा कॅमेराच उचलला गेला आणि खाली आला तर त्याला ते थांबवता येत नाही, तिथे त्याच्याकडे मोटरच नाही. चालताना आपलं अंग प्रत्येक पावलाला दोन-चार सेंटीमीटर वर-खाली होतं आणि ते सरळ कॅमेऱ्यात जातं. लांबच्या गोष्टीत ते दिसत नाही, पण जवळ काही असलं, खांब, कठडा, दाराची चौकट, की लगेच दिसतं. मैदानात त्याच गिंबलवर छान फुटेज येतं आणि वाड्याच्या बोळात उड्या मारतं ते यामुळे.

स्प्रिंगचा आर्म नेमका हेच खातो. आतमध्ये समांतरभुज चौकोन असतो, त्यात ताणलेल्या स्प्रिंगा, आणि रचना अशी की आर्म वर असो किंवा खाली, उचलणारा जोर जवळपास सारखाच राहतो. साध्या स्प्रिंगला जेवढं ताणाल तेवढी ती जास्त ओढते, तसं इथे होऊ द्यायचं नसतं, आणि आमचा आर्म तिथेच फसला. वरच्या टोकाला ढिला आणि खालच्या टोकाला ताठ, त्यामुळे पावलं गेलीच नाहीत. तीन वेळा स्प्रिंगा बदलल्या, पिनची जागा बदलली, शेवटी मित्राने तयार घेतला. त्यामुळे स्वस्तातला आर्म घेताना हातावर वजन टाकून वरपासून खालपर्यंत फिरवून बघा, मध्ये कुठे अडला किंवा उसळला तर घेऊ नका.

अजून एक. वजन लांब-लांब ठेवलं की वस्तू फिरायला नाखूश होते, आणि अंतर दुप्पट केलं की ही नाखुशी चौपट होते. स्लेडचा दांडा लांब असतो तो यासाठी. तुमचा कॅमेरा एफएक्स ३ म्हणजे बॅटरीसकट साधारण ७१५ ग्रॅम, लेन्स ६९५ ग्रॅम, दीड किलोसुद्धा नाही. एवढ्या हलक्या कॅमेऱ्याचा स्लेड वाऱ्याच्या झुळकेनेही फिरतो. स्लेड वापरणार असाल तर दोन्ही टोकांना मुद्दाम वजन वाढवा, बोहरी आळीत जाड लोखंडी पट्ट्या कापून मिळतात, भोकं पाडून बोल्टने आवळा, नुसत्या टेपने चिकटवू नका. पण मोटरच्या गिंबलवर याच्या बरोबर उलट, तिथे जितकं हलकं तितकं मोटरला बरं.

पालखी_मार्ग

मी डॉक्युमेंटरी करते, दरवर्षी पुणे ते दिवे घाट वारीबरोबर चालत शूट करते, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी इझीरिग वापरते, तो स्वीडिश आहे, पाठीला सॅकसारखा बांधतात आणि डोक्यावरून पुढे आलेल्या दांडीच्या दोरीला कॅमेरा लटकतो. वजन सगळं कमरेवर जातं, हात मोकळे राहतात, दिवसभर चालले तरी दंड दुखत नाहीत. पण नुसता इझीरिग पावलं घालवत नाही, तो फक्त वजन घेतो, हे आधीच सांगते कारण बरेच जण तो स्टेबिलायझर समजून आणतात आणि मग चिडतात.

तुझ्या वाड्यात तो चालणारच नाही. दांडी डोक्याच्या वर हातभर जाते, आणि जुन्या वाड्याच्या बोळात आणि माडीवर तुळया किती खाली असतात तुला माहितीये. एकदा कसबा पेठेतल्या एका वाड्यात दांडी तुळईला लागली आणि वरून माती पडली ती थेट लेन्सवर. घरमालकीणबाई काही बोलल्या नाहीत पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं मत विचारशील तर वेस्ट आणि आर्म ठेव, स्लेड नको, आर्मच्या टोकाला तुझा आरएस ३ प्रोच बसव. त्यासाठी अ‍ॅडॅप्टर मिळतो, गिंबलच्या हँडलला धरतो. वर-खाली आर्म खाईल आणि बाकीचं मोटर बघेल. स्लेड जास्त सुंदर चालतो हे मला मान्य आहे, त्याला एक वेगळाच जिवंतपणा असतो, पण तो हातात बसायला महिने जातात आणि तुझ्याकडे मे पर्यंतचाच वेळ आहे.

२४-७० पण काढ. तुझ्याकडे किंवा कुणाकडे २० एमएम एफ १.८ असेल तर लाव, ती ३७३ ग्रॅम आहे, आणि झूम नसल्यामुळे मध्येच लेन्स लांब होऊन बॅलन्स बिघडायची भानगड नाही. बोळात २४ एमएम अरुंद पडेल, शिवाय लेन्स जितकी वाईड तितका हलकासा धक्का कमी दिसतो. कॅमेऱ्यातलं स्टेबिलायझेशन मात्र बंद कर, वाईड लेन्सला गिंबलबरोबर ते चालू राहिलं की चालताना फ्रेमचे कोपरे थरथरतात.

फिजिओ_कोथरूड

कंबर धरली हे वाचलं म्हणून लिहिते आहे. दुखणं पायात उतरतंय का, मांडीच्या मागून पोटरीपर्यंत? मुंग्या येतात का? तसं असेल तर रिग अंगावर घेऊ नका, आधी ऑर्थोपेडिककडे जा. नुसतं स्नायू धरल्यासारखं असेल आणि दोन-तीन दिवसांत गेलं असेल तर मग पुढचं वाचा.

वजन शरीरापासून लांब असलं की पाठीच्या खालच्या स्नायूंवर येणारा ताण त्याच्या अंतराप्रमाणे वाढतो. गिंबल हात पुढे करून धरता तेव्हा तेच होतं, आणि पळणारा रिग ओढून धरता तेव्हाही तेच. रिग जितका अंगाजवळ ठेवता येईल तितका ठेवा. उभं राहताना पोट किंचित आत, माकडहाड खाली, गुडघे लॉक करायचे नाहीत. मागे रेलून तोल साधायची सवय बऱ्याच कॅमेरावाल्यांना असते, त्याने कंबर हमखास जाते.

आजपासून रोज प्लँक आणि ग्लूट ब्रिज सुरू करा, जमेल तितकं, घाई नाही. रिग घालून सुरुवातीला एका वेळी दहा मिनिटांच्या वर नको, मग वेस्ट पूर्ण काढून बसा, नुसते पट्टे ढिले करून चालणार नाही. आणि जेवणानंतर लगेच तो कमरेचा पट्टा आवळू नका.

नारायणपेठ_माडी

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनदा वाचून काढलं. ताई, पायात उतरत नाही, चार दिवसांत गेलं, प्लँक चालू केलाय.

ऑपरेटर काका, जिना मोजला. सतरा पायऱ्या, पायरीची रुंदी आठ इंच, उंची साडेनऊ इंच, म्हणजे चांगलाच उभा आहे, आणि अर्ध्यावर वळतो. जिन्याची रुंदी कठड्यापासून भिंतीपर्यंत अडीच फूट. वर पोचल्यावर तुळईखाली डोकं जेमतेम जातं, मी पाच फूट सात इंच आहे. दिंडी दरवाजा साडेचार फूट उंच आणि खाली फूटभर उंबरा.

दुसरं असं की प्रकाशाचं काय करू कळत नाहीये. बाहेर रस्त्यावर ऊन, बोळात काळोख, चौकात पुन्हा ऊन आणि आजीच्या खोलीत ट्यूबलाईट. ऑटोवर टाकलं तर चौकात आल्यावर फ्रेम एकदम पांढरी होते आणि मग खाली येते, फार वाईट दिसतं.

एरंडवणे_ऑपरेटर

मापं टाकलीस बरं झालं, आता निर्णय सोपा आहे. साडेनऊ इंची सतरा पायऱ्या म्हणजे स्लेड विसर. चढताना तुझ्यापुढच्या पायऱ्या छातीच्या दिशेने वर येत असतात आणि स्लेडचं खालचं टोक तुझ्या मांडीच्या पातळीला लोंबत असतं, ते तिसऱ्या पायरीला आपटणार. मोठ्या सेटवर असा जिना आला की आम्ही दांडा आखडून घेतो, पण मग ती नाखुशी जाते ज्याबद्दल भोसरीवाल्यांनी लिहिलंय. पालखीताई म्हणतात तेच कर, वेस्ट, आर्म आणि त्यावर गिंबल.

गिंबल आर्मवर चढवण्याआधी टेबलावर मोटर बंद ठेवून बॅलन्स कर, कॅमेरा कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच राहिला पाहिजे, मगच चालू करून ऑटो ट्यून मार, म्हणजे मोटरचा जोर गिंबल स्वतः बसवून घेईल. मोटरच्या जोरावर तिरका बॅलन्स ओढून नेता येतो पण तीन मिनिटांनी मोटर तापतात आणि बारीक थरथर सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा आजीच्या क्लोजपर्यंत आल्यावरच होते. फॉलोचा स्पीड, म्हणजे तू वळल्यावर कॅमेरा किती पटकन मागून वळतो तो, कमी ठेव, आणि टिल्ट, म्हणजे वर-खाली बघणं, लॉक कर. जिन्याच्या वळणावर तू आधी वळायचंस, कॅमेरा मागून येईल.

दिंडी दरवाजातून वाकून जायचं डोक्यातून काढ. वेस्ट घालून कमरेत वाकलास की सॉकेटचा कल बदलतो आणि आर्म पुढे धावतो, तिथेच शॉट जाईल, आणि फूटभर उंबरा कॅमेऱ्याकडे बघत ओलांडायचा म्हणजे पडायची खात्री. त्या दिंडीच्या भोवती मोठा दरवाजा असणारच, लग्नकार्याला उघडतात तो. तो उघड. बहुतेक दरवाजांचा उंबरा दिंडीपुरताच असतो, मोठी फळी उघडली की तोही जातो. राहिलाच तर दोन्ही बाजूंनी लाकडी फळीचा उतार कर, प्लाय नको, ते मध्ये लवतं आणि आवाज करतं.

जिन्यावर तुझ्यामागे एक माणूस लागेल. त्याचं काम एकच, तुझ्या वेस्टचा कमरेचा पट्टा मागून धरायचा आणि तुला पायरीवर ढकलायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं तिथे असायचं. तू खाली बघणार नाहीस, तुझे डोळे मॉनिटरवर, त्यामुळे पायाखालचं त्याने बघायचं. पायऱ्या तुझ्या पायांना पाठ झाल्या पाहिजेत, नुसता वेस्ट घालून, कॅमेऱ्याशिवाय, रोज वीस वेळा चढ-उतर. तू तिथेच वाढलेला आहेस, अंधारातही चढत असशील, पण वेस्ट घातल्यावर पोटाच्या पुढचा पाय दिसत नाही आणि रोजची पायरीसुद्धा परकी वाटते.

सपाटीवरची प्रॅक्टिस अशी कर. चौकात एका भिंतीवर पांढऱ्या टेपची फुली चिकटव, मॉनिटरवर फ्रेमच्या बरोबर मध्ये पण एक फुली ठेव, आणि भिंतीकडे जा, भिंतीपासून मागे ये, दोन्ही फुल्या एकमेकींवर राहिल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी त्या नाचतील. टाच आधी टेक, मग पाऊल हळू पुढे लोळव, आणि थांबायच्या आधी दोन पावलं वेग कमी करत ये. सुरुवात आणि थांबणं यातच बहुतेक शॉट बिघडतात, मधलं चालणं कोणालाही जमतं. दहा दिवस रोज तासभर, मध्ये भरपूर विश्रांती घेत, एवढं केलंस तर पावणेचार मिनिटं निघतील असं मला वाटतं.

प्रकाशासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ऊन यायच्या आधी शूट कर. उजाडल्यानंतर चौकात ऊन उतरेपर्यंतचा वेळ गाठ, तेव्हा रस्ता आणि चौक यांच्यात फरक कमी असतो. शटर १/५० ला बांधून टाक, २५ फ्रेम्सला तेच बरोबर आहे आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाईट फडफडणार नाही. अपर्चर पण बांध, ५.६ च्या आसपास, म्हणजे २० एमएमवर फोकसची फारशी चिंता नाही. जो फरक उरेल तो व्हेरिएबल एनडीने, म्हणजे फिरवून उजेड कमीजास्त करायच्या फिल्टरने, काढायचा, पण ते फिरवायला तुझा हात मोकळा नसणार आणि गिंबलवर हात लावला की धक्का. म्हणून बोळात एक दिवा लपव आणि बोळच थोडा उजळ कर. आजीच्या खोलीतली ट्यूब बंद ठेवून खिडकीचा उजेडच राहू दिलास तर अजून उत्तम, ती तिथे रोज ज्या उजेडात बसते त्यातच दिसेल.

नारायणपेठ_माडी

अपडेट देतो. नऊ दिवस झाले. दुसऱ्या एका ठिकाणाहून लहान मापाचं वेस्ट मिळालं, त्या दादांनी स्वतः अर्धा तास घालवून सॉकेट लावून दिलं आणि खरंच एका क्षणी आर्म समोर नुसता थांबला, मी हात काढून घेतले तरी तिथेच. तो क्षण मी विसरणार नाही. फुल्या आता बऱ्याचशा जुळतात, मागे येताना अजून डावीकडे सरकतो.

मोठा दरवाजा उघडला. शेजारच्या काकांच्या मते तो माझ्या आत्याच्या लग्नाला उघडला होता त्यानंतर नाहीच, म्हणजे अठ्ठावीस वर्षं. आडणा निघतच नव्हता, खोबरेल आणि मशीनचं तेल दोन्ही घातलं, चौघांनी मिळून ओढला. त्या आवाजाने आजी सज्जात आली आणि वरून विचारलं, कुणाचं लग्न आहे रे? काका, उंबरा दिंडीपुरताच निघाला, तुम्ही म्हणालात तसा, खाली फक्त दोन इंचाची दगडी पट्टी आहे.

काल पहिल्यांदा कॅमेऱ्यासकट पूर्ण फेरी केली. जिन्याच्या वळणावर कोपर कठड्याला घासलं आणि शॉट गेला, पण बोळ आणि चौक बघितला तर हौदाभोवती फिरताना पाणी हलतंय आणि फ्रेम हलत नाहीये. आजीला मोबाईलवर दाखवलं, ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हौदाच्या पलीकडे प्राजक्त होता तो यात का नाही. प्राजक्त बाबांच्या लहानपणीच पडलाय.

वळणाचं मात्र सुटत नाहीये. अडीच फुटात आर्म बाहेर राहतो. रविवारी सकाळी फायनल ठेवलंय, जिन्यावर पट्टा धरायला चुलतभाऊ येणार होता त्याची ड्युटी लागली. कोणी येऊ शकेल का? उजाडायच्या आधी यावं लागेल.

पालखी_मार्ग

वळणावर गिंबल छातीशी ओढून घे, आर्म पूर्ण मिटव, आणि कठड्याकडे पाठ करून बाजूने दोन पायऱ्या चढ. कॅमेरा पुढेच बघत राहील, फक्त तू आडवा होशील. घाटात गर्दी दाटली की मी तसंच जाते. कठड्यावर जुनी चादर गुंडाळून ठेव म्हणजे घासलं तरी आवाज येणार नाही. आणि शॉट संपला की लगेच कट करू नकोस, आजीवर पूर्ण एक मिनिट चालू ठेव.

एरंडवणे_ऑपरेटर

रविवारी मी येतो पट्टा धरायला. पावणेसहाला पोचतो, दरवाजा तेवढा आधी उघडून ठेव म्हणजे आजींची झोप मोडायला नको. माझ्याकडे सागाची एक फळी आहे, दोन इंचाच्या पट्टीला उतार करायला पुरेल, ती आणतो. बॅटऱ्या तिन्ही रात्री चार्ज करून ठेव आणि कार्ड फॉरमॅट करायच्या आधी कालची फेरी दुसरीकडे कॉपी कर, कोपर घासलेली असली तरी.